जागेचा एकच दोष

घर कसं आहे हे कुणीही सांगेल. भिंतीवर थाप मारली, नळ सोडून पाहिला, छताकडे मान वर करून नुसतं "हं" म्हटलं की झालं. पण घर कुठे आहे हे सांगायला भूगोल यावा लागतो, आणि अनोरझोर मोहल्ल्यात भूगोल फक्त एर्गशमास्तरांना येत होता. निदान मास्तरांचं तसं ठाम मत होतं. ताश्कंदच्या जुन्या भागातल्या त्या मोहल्ल्यात लहानथोर सगळे त्यांना 'दोमला' म्हणत, म्हणजे मास्तरच; पण म्हणत ते लांबून. जवळ जाऊन म्हटलं की मास्तर हात धरत, आणि मग म्हणणाऱ्याच्या बगलेतलं गरम नान गार व्हायचं.

तर झालं असं, की मास्तरांचा शेजारी मन्नोन म्हातारपणी लेकाकडे नवोईला कायमचा राहायला गेला आणि जाताना घराची किल्ली मास्तरांच्या हातात ठेवून गेला. "गिऱ्हाईक आलं तर घर दाखवा, दोमला. आणि थोडक्यात दाखवा," असं तो म्हणाला. त्यातलं पहिलं वाक्य मास्तरांनी ऐकलं.

दोन घरांच्या मधे मातीची एक भिंत होती, आणि त्या भिंतीत एक खिडकी. खिडकी कसली, वाडगा न सांडता इकडून तिकडे जाईल एवढं भगदाड आणि त्याला लाकडी झडप. तिकडून शोरबा यायचा, इकडून मास्तरांची बायको कुमरी त्याच वाडग्यात जर्दाळू भरून परत करायची. वाडगा रिकामा परत करायचा नाही, हा तिथला कायदा. सरकारं आली, गेली, पण हा कायदा कुणी मोडला नाही. कुमरी गेल्यावरही मन्नोनच्या बायकोने वाडगा चालू ठेवला. मास्तरांना स्वयंपाकात पाणी उकळण्यापलीकडे काही येत नसल्यामुळे ते दर वेळी वाडग्यात खडीसाखर घालून परत करत. मन्नोनच्या घरी खडीसाखरेची बरणी भरून वाहू लागली, पण कुणी चकार शब्द काढला नाही.

आता झडपेपलीकडे कुणी नव्हतं. कुमरीचा निळा वाडगा, कडेचा टवका उडालेला, पलीकडेच राहिला होता. तो मन्नोनच्या बंद स्वयंपाकघरात, मागे राहिलेल्या पांढऱ्या भांड्यांच्या फळीवर मास्तरांना रोज दिसायचा. किल्ली त्यांच्याच खिशात होती, उचलून आणायला कोण अडवत होतं? पण आपणच जायचं आणि आपलाच वाडगा रिकामा उचलून आणायचा, हे काही त्यांच्या मनाला पटेना. ते घराला एक चक्कर मारत, वाडग्याकडे बघत आणि कुलूप लावून परत येत. घरी येऊन चहा करत. प्याले सवयीने दोन मांडले जात. मग दुसरा प्याला उचलून ठेवताना ते स्वतःलाच मोठ्याने म्हणत, "असू दे, धुतलेलाच आहे." मोठ्याने म्हटलं की घरात काहीतरी ऐकू यायचं, एवढाच त्याचा फायदा.

मन्नोनने मुदत घालून दिली होती. बर्फ पडेपर्यंत राहणारं कुटुंब मिळालं तर ठीक, नाहीतर घर बोतिरला. बोतिर प्लॅस्टिकच्या दार-खिडक्या बनवायचा आणि त्याला माल ठेवायला गोदाम हवं होतं. तो एकदा येऊन जागा बघून गेला होता. त्याने मास्तरांना फक्त एकच प्रश्न विचारला, गल्लीत ट्रक वळतो का. मग भिंतीतल्या खिडकीकडे बोट करून म्हणाला, "हे भोक बुजवावं लागेल, दोमला. उंदीर येतात." मास्तरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. बर्फ पडायच्या आत शेजारी मिळवायचाच, असं त्यांनी ठरवलं, आणि मास्तरांनी एखादी गोष्ट ठरवली की तिचं वाटोळं व्हायला सुरुवात होते, हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं.

लोक घर बघतात, जागा बघत नाहीत, हे मास्तरांचं जुनं दुखणं. स्वयंपाकघरातल्या फरशा बदलता येतात, पण सूर्य बदलता येतो का? बाजार उचलून जवळ आणता येतो का? तेव्हा गिऱ्हाइकाला जागेची किंमत समजावून सांगितली की तो पायाशी लोळण घेईल, असा त्यांचा हिशेब. त्यासाठी त्यांनी शाळेतून निवृत्त होताना आणलेला एक मोठा नकाशा काढला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अनोरझोर मोहल्ला रंगीत खडूंनी काढला. पाट निळा, बाजार लाल, शाळा पिवळी, मशीद हिरवी. नकाशा मन्नोनच्या ओसरीत टांगला. ओसरीत वारा यायचा आणि नकाशा उलटायचा. मागे आफ्रिका होती. त्यामुळे पुढे बऱ्याच गिऱ्हाइकांची अशी समजूत झाली की पाटाच्या पलीकडे सहारा लागतं.

पहिलं आलं एक कोवळं जोडपं. मुलगी द्राक्षाच्या मांडवाखाली उभी राहून हसली. मास्तर तिथे गप्प बसले असते तर घर खपलं होतं. पण अर्धवट माहिती देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पाण्याचा दाब, उत्तरेचा वारा, बसचा थांबा असं करत करत ते जमिनीखाली शिरले. हे शहर भूकंपाच्या पट्ट्यात कसं येतं, खालचे खडक कुठल्या दिशेने सरकतात, आणि मातीची भिंत पडली तर कुठल्या बाजूला पडते, हे त्यांनी भिंतीपाशी उभं राहून हातवारे करून दाखवलं. मुलगी हळूहळू भिंतीपासून लांब सरकत होती. ती सरकत सरकत दाराबाहेर गेली ती परत आली नाही.

दुसरा आला फर्गाना बाजूचा एक सुकामेवावाला, पायांत नवे कोरे जोडे घालून. त्याने सहज विचारलं, सगळं जवळ आहे ना? हा प्रश्न मास्तरांना विचारणं म्हणजे आ बैल मुझे मार. मास्तरांनी त्याला चालत बाजार दाखवला, शाळा दाखवली, दवाखाना दाखवला. येताना लांबचा रस्ता घेऊन कब्रस्तानही दाखवलं, "तेही जवळच आहे, माणसाला पुढचं बघावं लागतं," असं म्हणून. त्याच कब्रस्तानात कुमरी होती. मास्तर तिथे थोडा वेळ थांबले आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "ही आमची मंडळी." सुकामेवावाल्याने रीतसर हात वर करून दुवा मागितली. भला माणूस होता. परतताना त्याच्या दोन्ही टाचांना असे फोड आले, की ज्या दवाखान्याचं कौतुक ऐकलं तिथेच त्याला रांगेत बसावं लागलं. रांग बघून त्याने घराचा विचार सोडला.

चहाखान्यात या प्रकरणाची चर्चा होऊ लागली. तिथल्या लाकडी बैठकीवर सकाळपासून बसलेली मंडळी सल्ला देण्यात कधीच हात आखडता घेत नाहीत. न्हाव्याचं म्हणणं पडलं की घराला नजर लागलीय, हरमळाच्या बियांची धुरी द्या. मास्तरांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण बर्फ जवळ येत होता. त्यांनी धुरी दिली, आणि देताना शास्त्रीय प्रमाण काढून प्रत्येक खोलीला वेगळी दिली. नेमकं तेव्हाच एक गिऱ्हाईक कुटुंब गल्लीच्या तोंडाशी पोचलं. घराच्या चारी बाजूंनी धूर निघतोय आणि आतून एक म्हातारा खोकत, डोळे पुसत "या, या, जागा उत्तम आहे" म्हणत येतोय, हे बघून त्यांनी आगीच्या बंबाला फोन केला आणि तोंड फिरवलं. बंब आला, पण गल्लीत वळेना. बोतिरला उत्तर मिळालं, तेवढंच.

मग मोहल्ल्याचे अक्सकाल वाहिद, म्हणजे तिथले मानाने निवडलेले वडीलधारे, मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, की लोक विचारतात इथून मोठा रस्ता जाणार आहे का. रस्त्यात घर जाणार असेल तर कोण घेईल? तेव्हा रस्ता जाणार नाही असा कागद आणा. मास्तरांना हे पटलं. ते कोट चढवून नगर कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की नसलेल्या रस्त्याचा कागद मिळत नाही. असलेल्या वस्तूचा मिळतो. मास्तर तीन खिडक्या फिरले, आणि शेवटच्या खिडकीतल्या एका दयाळू गृहस्थाने त्यांना वाट दाखवली. "तुम्ही रस्ता मागा," तो म्हणाला. "आम्ही नकार देऊ. नकाराचा कागद शिक्क्यासकट मिळतो."

मास्तरांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिला आणि सोबत नकाशाही जोडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आठवडाभरात मोजणीची तिपाई घेतलेली दोन माणसं गल्लीत आली आणि त्यांनी मन्नोनच्या, अक्सकालांच्या आणि न्हाव्याच्या भिंतीवर लाल रंगाने फुल्या मारल्या. मोहल्ल्यात आकांत झाला. बायका अंगणातली झाडं बघून रडू लागल्या. न्हाव्याने सामान बांधायला काढलं. अक्सकाल वाहिद तावातावाने कार्यालयात गेले आणि रस्ता मागणारा हरामखोर कोण, असं त्यांनी विचारलं. कार्यालयाने त्यांना अर्ज दाखवला. अक्षर सगळ्या मोहल्ल्याला ओळखीचं होतं. त्याच अक्षरात अर्ध्या मोहल्ल्याच्या प्रगतिपुस्तकांवर शेरे होते.

त्यानंतर मास्तरांशी कुणी बोलेना. चहाखान्यात ते बसले की बैठक हलकी व्हायची. कुणी वाईट वागलं नाही, सलाम सगळे करत, पण सलाम करून निघून जात. पुढे कार्यालयाचा नकारही आला, 'अर्जदाराने दाखवलेल्या जागी रस्त्याची गरज दिसून येत नाही' असा, शिक्क्यासकट. मास्तरांनी तो चौकटीत घालून ओसरीत लावला. पण तो दाखवायला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. ते एकटेच त्या ओसरीत बसून राहायचे. वारा आला की नकाशा उलटायचा, ते उठून आफ्रिका सरळ करायचे.

एका सकाळी ते तंदुरावर नान आणायला गेले. तंदूरवाला होलिक पाठमोरा होता आणि त्याच्याशी एक परकी बाई बोलत होती. तरणी होती, कामावर जायच्या कपड्यांत. तिच्याजवळ काठी टेकून उभी राहिलेली एक म्हातारी होती. घर बघायला आलेली माणसं आधी तंदुरावर येतात, हा तिकडचा रिवाज. घर घेऊ नको, शेजारी घे, असं तिथे म्हणतात, आणि शेजारी कसा आहे हे नानवाल्याइतकं कुणाला माहीत नसतं. मास्तर कोपऱ्यावरच थांबले.

"जागा एक नंबर," होलिक सांगत होता. "पाणी आहे, सावली आहे, माणसं चांगली. लपवून काय करू, एकच दोष आहे. भिंतीला भिंत लागून दोमला राहतात. माणूस मनाने सोनं. पण एकदा बोलायला लागले की तुमची संध्याकाळ गेली म्हणून समजा. बायको गेल्यापासून बिचाऱ्यांना कुणी मिळतच नाही ना, मग जो सापडेल त्याला धरतात."

मास्तर नान न घेता परत फिरले. जन्मभर त्यांनी ठिकाणांचे गुणदोष शिकवले. वाळवंट कशामुळे होतं, नदी कुठे गाळ टाकते, सगळं त्यांना माहीत होतं. आणि या एका जागेचा दोष त्यांना नकाशा काढूनही दिसला नव्हता, कारण नकाशा काढणारा स्वतःला नकाशात काढत नाही. त्यांना रागही आला नाही. नुसतं वाईट वाटलं, आणि ते सांगायला घरात कुणी नव्हतं.

दुपारी त्या दोघी आल्या. सून झुम्रद आणि तिची सासू होसियतबीबी. मास्तरांनी आपलं दार फक्त किल्ली बाहेर देण्यापुरतं उघडलं. "बघून घ्या," म्हणाले, आणि दार लावलं. एवढं थोडक्यात ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. मग अंगणात भिंतीला पाठ लावून ते बसले. पलीकडचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

काय सांगावं त्यांची अवस्था! झुम्रद म्हणाली, ही खोली थंडीत ऊबदार राहील. ती नेमकी उत्तरेची खोली, हिवाळ्यात तिथे पाण्याची बादली गोठायची. मास्तरांनी मूठ आवळली. झुम्रद म्हणाली, हा नकाशा कसला, आफ्रिकेचा कशाला लावलाय? मास्तरांनी डोळे मिटले. मग म्हातारी खणखणीत आवाजात बोलली, "सूर्य या तुतीच्या बाजूने उगवत असणार." तुती होती पश्चिमेला. मास्तर अर्धे उठले आणि बसले. म्हातारी भिंतीच्या अगदी जवळ आली. "नक्की तुतीकडूनच," ती म्हणाली. मास्तरांनी बाजूला पडलेला शिळ्या नानाचा तुकडा तोंडात कोंबला. "पूर्व म्हणजे तुती," म्हातारी तिसऱ्यांदा म्हणाली, सबंध गल्लीला ऐकू जाईल अशी. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, थोडं नानामुळे आणि बाकीचं भूगोलामुळे. पण ते बोलले नाहीत. आपण गप्प राहिलो तरच भिंतीपलीकडे दिवा लागेल, ही एकच गोष्ट त्यांनी धरून ठेवली होती.

पलीकडे कुजबूज झाली. "चला आई, नको हे घर," असं झुम्रदचं बोलणं ऐकू आलं, आणि पावलं दाराकडे गेली. मास्तर तसेच बसून राहिले. आता तर गप्प बसूनही जमलं नाही, मग अजून काय करायचं, हे त्यांना कळेना. भोक बुजवायला बोतिरची विटांची गाडी कशी गल्लीत अडेल आणि तरी कशी शेवटी येईलच, ते त्यांना दिसू लागलं.

तेवढ्यात भिंतीतली झडप खडखडली. कुमरी गेल्यानंतर ही झडप पलीकडून वाजायची ती मन्नोनच्या बायकोच्या हाताने, आणि तीही आता नवोईला होती. मास्तर धडपडत उठले. झडप उघडली. आधी एक सुरकुतलेला हात आला, आणि त्या हातात निळा वाडगा, कडेचा टवका उडालेला. मांडवावरच्या शेवटच्या द्राक्षांनी काठोकाठ भरलेला.

"हा या घरचा नाही वाटत," मागून होसियतबीबीचा आवाज आला. "बाकी सगळी भांडी पांढरी. तुमचा असेल तर घ्या. रिकामा कसा द्यायचा, म्हणून तुमच्याच शेजाऱ्याची द्राक्षं तोडली."

मास्तरांनी वाडगा दोन्ही हातांनी घेतला. त्यांचं तोंड अजून नानाने भरलेलं होतं.

"तंदुरावर सांगितलं, शेजारी फार बोलतो," म्हातारी म्हणाली. "म्हणून तर मी सुनेच्या मागे लागून आले. आमचं घर उंच इमारतीत, वर. ही सकाळी कामाला जाते. मग मी दिवसभर कुणाशी बोलू, लिफ्टशी? म्हटलं, एक माणूस आहे जो संध्याकाळपर्यंत सोडत नाही, तर बघू तरी. आणि तुम्ही तर मुके. मला पूर्व कळत नाही असं वाटलं का तुम्हाला? तीनदा चुकीची सांगितली. खरा मास्तर असता तर भिंत फोडून आला असता."

मास्तरांनी नान गिळलं. इतके दिवस साठलेलं सगळं, पाट, बाजार, खडक, उत्तरेचा वारा, गोठणारी बादली, एकदम जिभेवर आलं आणि एकमेकांत गुंतलं. कुमरी रोज सकाळी याच खिडकीपाशी उभी राहून जे म्हणायची, तेवढंच त्यांना आठवलं.

"सूर्य तुमच्या अंगणात आधी उगवतो," ते म्हणाले. "मग या खिडकीतून आमच्याकडे येतो."

"हां," म्हातारी म्हणाली. "आता कसं. पुढे सांगा."

"थांबा," मास्तर म्हणाले. "आधी वाडगा."

ते घरात धावले. द्राक्षं ताटात ओतली, वाडगा पुसला, बरणी शोधली. खडीसाखर होती, देवाची कृपा. वाडगा भरताना साखर थोडी जमिनीवरही सांडली. गल्लीत झुम्रदने गाडीचा भोंगा दोनदा वाजवला, मग बंद केला आणि आत येऊन सासूशेजारी एक खोकं उपडं घालून बसली. मास्तर वाडगा घेऊन परत आले, तो खिडकीतून दिला, आणि पाटाच्या पाण्यापासून सुरुवात केली.